वाडीसाठी चेनसॉ घ्यावा का? (आडवा फणस, कललेला ऐन आणि नवशिका मी)

पुणेरी दापोलीकर

मंडळी, नमस्कार.

दापोलीजवळ आमची वडिलोपार्जित वाडी आहे. मी महिन्या-दोन महिन्यांतून जातो. गेल्या पावसात जुना फणस मुळासकट उपटून विहिरीच्या वाटेवर आडवा झालाय, तो अजून तसाच आहे. कुंपणाच्या कडेला ऑस्ट्रेलियन बाभळी माजल्यात, दोन माड वाळलेत, आणि एक ऐनाचं झाड गोठ्याच्या कौलांवर कललंय. गावात चेनसॉने (साखळीच्या करवतीने) झाडं कापून देणारा कटरवाला एकच. पावसाच्या तोंडावर त्याची तारीख मिळेल तर शपथ.

म्हणून वाटलं, स्वतःच मशीन घ्यावं. ऑनलाइन ५८ सीसी, २२ इंची बारचं (चेन फिरते त्या पट्टीचं) मशीन सात हजारांच्या आत दिसतंय. वय पंचेचाळीस, तब्येत बरी, कुऱ्हाड-कोयती चालवता येते.

विचारायचं एवढंच:
हे घरी शिकण्यासारखं आहे का? कोणत्या मापाचं घ्यावं? आणि सुरक्षेसाठी नक्की काय काय लागतं? "जपून कर हो" असं घरचे रोज सांगतातच, त्यामुळे तेवढं सोडून बाकीचं सांगा.

चहा बिस्कीट

वाचतोय. आमच्याकडे वाडी नाही, कुंडीत कढीपत्ता आहे, पण वाचतोय.

बिनधास्त बंड्या

घेऊन टाका. त्यात शिकायचं काय आहे? दोरी ओढली की चालू, ट्रिगर दाबला की झाड खाली. आमच्या गावचा कटरवाला वीस वर्षं लुंगी आणि स्लिपरवर काम करतोय, ओरखडा नाही. यूट्यूबवर गोऱ्यांचे हेल्मेट-बूट बघून लोक उगाच घाबरतात.

कुडाळचा मिस्त्री

दापोलीकर, ते ५८ सीसीचं मशीन आधी कार्टमधून काढा, मग बोलू.

माझा लाकडाचा धंदा आहे. माणसं ठेवून काम करून घेतो आणि स्वतःही मशीन धरतो. नवशिक्या माणसाला २२ इंची बार म्हणजे दोन तोटे. एक, वजन. तासाभरात हात भरून येतात, आणि हात भरून आला की मशीन कुठे टेकतंय याकडे लक्ष राहत नाही. दुसरा मोठा. बारचं टोक तुमच्यापासून इतकं लांब जातं की फांद्यांच्या गचपणात ते पलीकडे कशाला लागतंय ते दिसतच नाही. आणि बहुतेक भानगडी टोकाशीच होतात.

बारचं गोल नाक डोळ्यासमोर आणा. त्याचा वरचा अर्धा भाग, म्हणजे घड्याळात बारा ते तीन वाजेपर्यंतचा. चेन तिथून वळून खाली जाते. चालू चेनचा तो भाग लाकडाला, बाजूच्या फांदीला, दगडाला कशालाही टेकला की दात कापत नाहीत, अडकतात. मग चेनचा सगळा जोर बार उलटा वर फेकण्यात जातो, तोंडाच्या नाहीतर खांद्याच्या दिशेने. याला किकबॅक म्हणतात. तो येताना बघून हात मागे घेऊ असं कोणी म्हणत असेल तर त्याने तो पाहिलेला नाही. पापणी लवायच्या आत झालेला असतो.

त्यासाठी मशीनवर पुढच्या दांडीच्या पुढे जो प्लास्टिकचा पंजा असतो तो नुसता हात राखायला नाही. तो चेन ब्रेक. मशीन उसळलं की डाव्या मनगटाने किंवा झटक्याने तो पुढे पडतो आणि चेन जागच्या जागी थांबते. रोज सकाळी कामाला लागण्याआधी तो पडतो का हे तपासायचं. स्वस्तातल्या मशीनमध्ये पहिली बोंब तिथेच असते.

बाकी तीन सवयी. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या दांडीला खालून वेढा घालून धरायचा, चार बोटांच्या बाजूला ठेवायचा नाही, नाहीतर मशीन उसळलं की हातातून सुटतं. डोकं बारच्या रेषेत ठेवायचं नाही, थोडं डावीकडे. आणि मशीन खांद्याच्या वर न्यायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

तुमच्या बाभळींना १४ इंची बार आणि ३५-४० सीसी पुष्कळ झालं.

रानातली रमा

बारा ते तीन! हे आजवर कुणी असं सांगितलं नव्हतं. मिस्त्रीदादा, वेगळा लेखच लिहा.

बिनधास्त बंड्या

मिस्त्री, तुमचा मान ठेवून सांगतो, माझा मुद्दा तसाच आहे. आमच्या कटरवाल्याला यातलं एक नाव माहीत नाही. हाताला वळण आहे त्याच्या.

कुडाळचा मिस्त्री

मान्य. त्याच्या हाताला वळण आहे. झाड कुठे जाणार हे त्याला बुंध्याकडे बघून कळतं, ते कुठल्या पुस्तकात मिळत नाही. पण त्याला मागून हाक मारून बघा, ऐकू येते का. चेनसॉचा आवाज शंभर डेसिबलच्या वर असतो. आणि थंडीत सकाळी त्याची बोटं बघा, पांढरी पडून बधिर होतात का. मशीनच्या थरथरीने बोटांच्या रक्तवाहिन्या जातात. हे ओरखड्यात मोजलं जात नाही, म्हणून "ओरखडा नाही".

डॉ. हाडवैद्य

मी अस्थिरोगतज्ज्ञ, कोकणातच. पावसाळ्याच्या आधी आणि वादळानंतर असे पेशंट येतात म्हणून चार ओळी.

जखमा ठरावीक जागी होतात. डावी मांडी आणि गुडघा, डावा हात, क्वचित चेहरा आणि मान. डावीकडे जास्त, कारण मशीन उजव्या हाताने मागून धरतात आणि चेन खाली येताना डाव्या पायावर येते. कोयतीचा वार असतो तशी ही जखम नसते. कोयती मांस दुभागते. चेन जेवढी जाड, तेवढी पट्टी ती सोबत घेऊन जाते. त्यात तेल, भुसा, कपड्याचे धागे. शिवायला दोन कडा जुळाव्या लागतात, इथे मधलं काही उरलेलंच नसतं.

म्हणून एकट्याने काम करू नका. सोबत एक माणूस, त्याच्याकडे चार्ज असलेला फोन, आणि फोनला रेंज कुठे येते हे दोघांना आधीच माहीत. जखम झाली तर स्वच्छ कापड दाबून धरा आणि सोडू नका. दर मिनिटाला उघडून "थांबलं का" बघत बसायचं नाही. तंबाखू, हळद, चुना काही नको. १०८ ला फोन करून कापड दाबत गाडीत बसवा.

अवांतर: चेनसॉचा पूर्वज आमच्या धंद्यातला आहे हे थोड्यांना माहीत असेल. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधले जॉन ॲटकेन आणि जेम्स जेफ्रे या दोन डॉक्टरांनी दातेरी साखळीची हातकरवत वापरली, हाड कापायला. अडलेल्या बाळंतपणात कमरेच्या पुढच्या हाडांचा सांधा मोकळा करण्यासाठी. दोन टोकांना मुठी, डॉक्टर आळीपाळीने ओढणार.

चहा बिस्कीट

डॉक्टर, मी जेवत होतो.

रानातली रमा

त्या बायांचं काय होत असेल! भूल तरी होती का तेव्हा?

डॉ. हाडवैद्य

नव्हती. ईथरची भूल १८४६ नंतरची. चला, मूळ धाग्यावर येऊ.

ओंटारिओची वहिनी

कॅनडातून लिहितेय. आमच्या घरी लाकडाची शेगडी आहे, हिवाळ्याचं लाकूड मीच कापते. (नवरा रचतो. हो, उलटं आहे. नाही, त्याला लाज वाटत नाही.) मशीन घेण्याआधी दोन दिवसांचा वर्ग केला होता, त्यामुळे चॅप्सबद्दल लिहिते. इथे नुसती कपड्यांची चेष्टा चालली आहे.

चॅप्स म्हणजे पायांच्या पुढच्या बाजूला बांधायचं जाड आवरण. चेनला अडवेल असं कडक त्यात काही नसतं. आत लांब लांब कृत्रिम धाग्यांचे थर असतात. चेन वरचं कापड फाडून आत गेली की ते धागे वावभर ओढले जातात, मशीनच्या दातेरी चक्राला गुंडाळतात आणि चेन जाम करतात. वर्गात आम्हाला ओंडक्यावर चॅप्स गुंडाळून करून दाखवलं होतं. चेन टेकली, "फट्" झालं आणि मशीन गप्प. मग शिकवणाऱ्याने झाकण उघडून आतून पांढऱ्या दोऱ्यांचा गुंता उपसायला घेतला तो संपेचना. ओंडक्याच्या सालीवर नुसती रेघ. एकदा असा कट बसला की ते चॅप्स मात्र फेकायचे, शिवून वापरायचे नाहीत.

आयएसओ ११३९३ या आंतरराष्ट्रीय मानकात वर्ग असतात. वर्ग १ म्हणजे चेनचा वेग सेकंदाला २० मीटर असताना अडवेल, ताशी ७२ किलोमीटर. वर्ग २ ला २४ मीटर. लेबल बघून घ्या. आणि लक्षात ठेवा, हे धागे पेट्रोल मशीनला धरून केलेले असतात. विजेच्या मोटरचा जोर कमी वेगातही टिकून राहतो, त्यामुळे ती धागे ओढत राहू शकते. बॅटरीचं मशीन आवाज करत नाही म्हणून ते गरीब आहे असं समजू नका.

बिनधास्त बंड्या

वहिनी, मे महिन्यात दापोलीत या आणि ते गोधडं बांधून दाखवा. घामानेच माणूस आडवा होईल.

ओंटारिओची वहिनी

भावजी, चॅप्स मागून उघडे असतात, पुढे फक्त आवरण. आणि मे महिन्यात अकरानंतर काम करा असं कोण म्हणतंय? सात ते दहा करा, मग आंबे खा.

कुडाळचा मिस्त्री

वहिनींना दुजोरा. आमची माणसंही आधी नको म्हणायची. आता एकाला सवय झाली तर त्याला त्याशिवाय चुकल्यासारखं होतं. ज्यांना नकोच असतात त्यांना मी निदान एवढं सांगतो: लुंगी नाही, सुटा सदरा नाही, गळ्यात टॉवेल नाही, पायात चिखली बूट नाहीतर पुढे पोलाद असलेले बूट. आणि जाळीचा फेसशील्ड असलेलं हेल्मेट. वाळक्या माडाची सुटलेली झावळी डोक्यात पडते ना, ती कटरवाल्यालाही विचारून पडत नाही.

श्रीवर्धनचा बाळू

इतके प्रतिसाद झाले आणि सगळे उभ्या झाडाबद्दल बोलताहेत. दापोलीकरांचं मोठं काम आडव्या झाडाचं आहे. मला काळजी त्या फणसाची आहे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच पट्ट्यात जमिनीवर आलं. दुसऱ्या दिवशी गल्लीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. रोठा सुपारीच्या बागाच्या बागा आडव्या, माड विजेच्या तारांवर, आंबा-फणस घरांवर. ज्याच्या हाती कटर तो रस्ता मोकळा करायला धावला. त्यात मी शिकलो ते असं की पडलेलं झाड मेलेलं नसतं. ते वाकलेलं, दाबलेलं, ताणलेलं असतं. उभ्या झाडाला पडायला एक दिशा असते, याला पाच.

शेजारच्यांच्या परसात फणस मुळं वर करून पडला होता. मुळांची थाळी माणसापेक्षा उंच, मातीसकट उभी, खाली खड्डा. एका माणसाने बुंधा थाळीजवळ कापायला घेतला. शेवटचा थोडा भाग राहिला आणि खोडाचं वजन सुटलं. थाळी क्षणात मागे फिरून खड्ड्यात बसली, धप्पकन, जणू झाड पुन्हा उभं राहतंय. सोबत चार-पाच फूट राहिलेला बुंधा वर गेला. नशीब एवढंच की पाच मिनिटांपूर्वी त्या खड्ड्यात उतरून दोन पोरं कैऱ्या शोधत होती, त्यांना आजीने हाकलून दिलं होतं.

दापोलीकर, तुमच्या फणसाची मुळं अशीच उभी आहेत का? वर्षभरात माती सुटून थाळी हलकी झाली असेल किंवा नसेल. बघितल्याशिवाय बुंध्याला हात लावू नका.

पुणेरी दापोलीकर

बापरे. हो, थाळी उभीच आहे. खड्ड्यात पाणी साचतं आणि गेल्या वेळी तिथे बेडूक बघायला माझी मुलगी उतरली होती.

श्रीवर्धनचा बाळू

तिला आधी सांगा. मग शेंड्याकडून सुरू करा, बुंध्याकडून नाही. फांद्या काढत काढत खोडापर्यंत या.

प्रत्येक फांदीपाशी थांबून विचारायचं, कुठली बाजू ताणलेली आणि कुठली दबलेली. ओंडका दोन्ही टोकांना टेकलाय आणि मध्ये अधांतरी आहे, तर वरची बाजू दबलेली, खालची ताणलेली. वरून एक तृतीयांश कापा, मग खालून वर येत उरलेलं. एक टोक हवेत लोंबतंय तर उलटं, आधी खालून थोडं, मग वरून. म्हणजे नेहमी दबलेल्या बाजूला आधी थोडं, मग ताणलेल्या बाजूला शेवट. क्रम चुकला तर एक तर बार चिमटीत अडकतो, नाहीतर फांदी फाटत जाते. आडव्या बाजूने धनुष्यासारखं वाकलेलं खोड असेल तर कमानीच्या आतल्या बाजूला उभं राहायचं. ते सुटतं तेव्हा बाहेर झेपावतं.

बारीक फांद्या सर्वांत वाईट. मोठ्या खोडाखाली दाबलेलं एखादं लवचीक रोप सुटलं की सटकन तोंडावर येतं.

कुडाळचा मिस्त्री

बाळूने लाखमोलाचं लिहिलं. एकच भर. बार अडकला तर मशीन चालू ठेवून हिसडे देऊ नका. बंद करा, पाचर ठोका, फट उघडा. पाचर प्लास्टिकची नाहीतर लाकडाची. लोखंडी ठोकलीत आणि चेन तिला लागली तर चेनही गेली आणि दातही उडाले.

ॲड. सावली

कायद्याचं राहिलं. महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (नियमन) अधिनियम, १९६४. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, खैर वगैरे झाडं आहेत. स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणजे तुमचा ऐन परवानगीत बसतो. घराला धोका आहे हे कारण अर्जात लिहा आणि फोटो जोडा. पडलेल्या फणसाचाही फोटो काढून ठेवा, लाकूड बाहेर न्यायचं असेल तर वाहतुकीचा पास लागेल. माड अनुसूचीत नाही. शहरातल्यांना १९७५ चा वेगळा कायदा आहे, तिथे वृक्ष प्राधिकरणाकडे जावं लागतं.

सोसायटीचा सेक्रेटरी

१९७५ वाचून जखम उघडी झाली. आमच्या सोसायटीत गुलमोहराची एक फांदी पार्किंगवर आली होती. परवानगी येईपर्यंत एक उत्साही सभासद शिडी लावून वर चढले, एका हातात मशीन. फांदी तुटली ती आधी खाली झुकली, मग उसळी मारून शिडीला लागली. ते झाडाला मिठी मारून लोंबकळत, मशीन खाली कुणाच्या तरी गाडीच्या बॉनेटवर. आता गाडीच्या नुकसानीचा विषय दरवर्षीच्या सर्वसाधारण सभेत येतो.

चहा बिस्कीट

त्या सभेचा वृत्तांत टाका. आम्ही तिकीट काढू.

कानस घासू

सगळं झालं, धारेबद्दल कोणीच नाही! बोथट चेन धारदार चेनपेक्षा वाईट. धारदार चेन स्वतःच लाकडात उतरते, बोथटीला तुम्ही दाबता, आणि दाबता दाबता ती एकदम आरपार जाते तेव्हा तुमचं सगळं वजन तिच्या मागे असतं.

ओळखायचं कसं? खाली पडणारा भुसा बघा. जाडसर ढलप्या पडताहेत तर ठीक. पिठासारखी पावडर आणि धूर येतोय तर थांबा आणि कानस काढा. गोल कानस, छोट्या चेनला ४ मिलिमीटरची, ०.३२५ इंच पिचच्या (कड्यांमधल्या अंतराच्या) चेनला ४.८. बारला काटकोनात जाणाऱ्या रेषेपासून ३० अंश तिरकी धरून, फक्त पुढे ढकलायची, मागे ओढायची नाही. सगळ्या दातांना सारखे हात. एका बाजूला जास्त घासलंत तर मशीन लाकडात वाकडं चालतं. दातापुढचा बुटका खुंट असतो तो दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा. तो जास्त घासला की चेन मोठे घास घेते आणि उसळते.

आपल्याकडच्या दोन गोष्टी. चिऱ्याच्या जमिनीला चेन एकदा टेकली की संपलं, तितक्यात बोथट. म्हणून आडवा ओंडका पूर्ण कापत जमिनीपर्यंत जायचं नाही, थोडं ठेवून ओंडका फिरवायचा आणि उरलेलं वरून कापायचं. आणि कुंपणाकडच्या झाडात काटेरी तार असते. जुन्या बाभळीने तार गिळलेली असते, बाहेरून सालीवर बारीक आडवी वळ दिसते तेवढीच. दापोलीकर, तुमच्या बाभळी कुंपणाच्याच ना?

पुणेरी दापोलीकर

कुंपणाच्याच. तारेला खांब म्हणून बाबांनी त्याच वापरल्या होत्या.

कानस घासू

मग तारेच्या उंचीपासून फूटभर वर-खाली सोडून कापा. आणि एक जादा चेन घेऊन ठेवा.

रानातली रमा

पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं ते कोणी सांगेल का? आमच्याकडे प्रत्येक जण वेगळं सांगतो.

कुडाळचा मिस्त्री

मशीनच्या पुस्तकात असेल तेच. साधारणपणे स्टिल, हुस्क्वार्ना अशा कंपन्यांचं त्यांचंच टू-स्ट्रोक ऑइल असेल तर १:५०, म्हणजे लिटरला २० मिली. साधं ऑइल असेल तर १:२५, लिटरला ४०. लागेल तेवढंच कालवा. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी धरतं आणि कार्ब्युरेटरचा पडदा खातं. महिनाभर पडून राहिलेलं मिश्रण टाकीत ठेवू नका. पुण्याला जाताना टाकी रिकामी करून, मशीन बंद पडेपर्यंत चालवून ठेवा. गरम मशीनमध्ये पेट्रोल ओतू नका आणि बिडी लांब.

चेनचं तेल वेगळं. त्याची टाकी वेगळी. ते संपलं तर बार निळा पडतो.

चहा बिस्कीट

चेनला खोबरेल चालेल का? कोकणात तेच स्वस्त.

कुडाळचा मिस्त्री

हसू नका, लोकांनी करून बघितलंय. वनस्पती तेल चालतं, युरोपात मोहरीच्या जातीतल्या रेपसीडचं वापरतात. खोबरेल २४ अंशांखाली गोठतं, डिसेंबरच्या पहाटे नळीत अडकेल. गाडीचं जळकं इंजिन ऑइल मात्र नको. त्यात धातूचा चुरा असतो, ते पंपही खातं आणि तुमच्या कातडीलाही लागतं.

पुणेरी दापोलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. ५८ सीसीवाला कार्टमधून काढला. आता दोन प्रश्न राहिले. वाडीवर लाइट बेभरवशाची, तर बॅटरीचं घेऊ की पेट्रोलचं? आणि ऐन आणि माड मी करू शकेन का? कलता ऐन गोठ्याच्या दिशेने आहे.

ओंटारिओची वहिनी

दोन बॅटऱ्या घेऊन पुण्यातून चार्ज करून नेल्या तर बाभळींचं काम होईल. वास नाही, मिश्रण नाही, दोरी नाही. फणसाच्या खोडाला मात्र कमी पडेल.

कुडाळचा मिस्त्री

मी पेट्रोल म्हणेन, १४ इंची, सर्व्हिस सेंटर जवळ असलेल्या कंपनीचं. चालू करताना एका हाताने मशीन हवेत लोंबकळत ठेवून दुसऱ्याने दोरी ओढतात तसं करू नका, बंड्याच्या गावात तसंच करत असतील. जमिनीवर ठेवा, ब्रेक लावलेला, मागच्या मुठीत बुटाचं टोक, डावा हात पुढच्या दांडीवर. मग ओढा.

ऐन नाही. साफ नाही. कललेलं झाड म्हणजे एका बाजूने आधीच ताणलेलं. मागून कापत गेलात की खोड उभं फाटतं आणि फाटलेला मागचा भाग कापणाऱ्याच्या छातीच्या उंचीला मागे येतो. याला वेगळी रीत आहे, बार खोडात मध्येच खुपसून पुढे बिजागरी (न कापलेली पट्टी) आणि मागे थोडं बांधून ठेवायचं आणि ते शेवटी सोडायचं. बार खुपसणं म्हणजे त्याच बारा ते तीनच्या भागाशी खेळणं. शिवाय खाली गोठा. दोर लावून, वरून तुकडे उतरवणारा माणूस बघा.

माडाचंही तेच. त्याचं खोड बाहेरून कडक, आत तंतू तंतू. बाकीच्या झाडात पुढे खाच, मागे काप आणि मध्ये खोडाच्या दहाव्या हिश्शाएवढी बिजागरी ठेवली की झाड त्या बिजागरीवर वळून पडतं. माडाचे तंतू ती नीट धरत नाहीत. वाळलेला असेल तर शेंडा आधीच सुटतो. पाडेली (माडावर चढणारा माणूस) चढून वरून खाली आणू दे.

सरळ उभ्या, मांडीएवढ्या बाभळी पाडा. खाच पडायच्या बाजूला, बिजागरी कापायची नाही, पळायची वाट मागे तिरकी, दोन्ही बाजूंना, आधी झाडून साफ केलेली. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरं कोणी नको. मोठी झाडं कटरवाल्याला द्या.

बिनधास्त बंड्या

म्हणजे शेवटी कटरवालाच! मी हेच म्हणत होतो.

रानातली रमा

तुम्ही "घेऊन टाका" म्हणत होतात हो.

बिनधास्त बंड्या

घेऊनही टाका आणि त्यालाही बोलवा. (हलके घ्या.)

देवघरवाला

दापोलीकर, धागा उशिरा बघितला. फणसाचं खोड विकणार का? मला देव्हारा आणि चार पाट करायचे आहेत, जुना फणस हल्ली मिळत नाही. घेणार असलो तर कृपा करून तीन-तीन फुटांचे तुकडे पाडू नका. सहा फुटी ओंडके ठेवा, टोकांना रंग नाहीतर मेण लावा म्हणजे चिरणार नाहीत. पासचं मी बघतो.

पुणेरी दापोलीकर

देवघरवाला, आनंदाने. मलाही एक पाट हवा, तेवढा द्या. मिस्त्री, सहा फुटी चालेल का? कापही कमी होतील.

कुडाळचा मिस्त्री

काप कमी, पण प्रत्येक तुकडा जड. लोळला तर थांबवता येणार नाही. उताराच्या वरच्या बाजूला उभं राहूनच कापा आणि खाली दगड लावा. थाळीजवळचा शेवटचा काप तुम्ही करू नका. थाळीला चांगला सहा-सात फुटांचा बुंधा राहू द्या, म्हणजे तिला वजन राहील. मग जेसीबी आला की थाळी दाबून धरून तो काप घेता येईल. देवघरवाल्याला तो बुंधाच हवा असणार, सर्वांत चांगलं लाकूड तिथेच असतं.

देवघरवाला

अहो मिस्त्री, मनातलं बोललात. जेसीबीचं अर्धं भाडं माझं.